छत्री विकत घ्यावी की कंपनीची भाड्याने? आई-बाबांच्या नागपूरच्या घरासाठी सल्ला हवा

पुण्यातला_नागपूरकर
२४ फेब्रुवारी, रात्री १०:४०

मंडळी, एक घरगुती पेच आहे. आई-बाबा नागपूरला, मानेवाडा भागात, आमच्या दुमजली घरात. मी पुण्यात. गल्लीतल्या केबलवाल्याने जानेवारीत हात वर केले. बहुतेकांनी फायबर घेतलं, उरलेल्या सहा-सात घरांसाठी लाइन चालवणं परवडत नाही म्हणाला. तेव्हापासून बाबा संध्याकाळी शेजारी बातम्या बघायला जातात आणि तिथेच नऊ वाजेपर्यंत बसतात. आईला ते पटत नाही.

घरात टीव्ही दोन. हॉलमधला बाबांचा: बातम्या, क्रिकेट, सह्याद्री. आतल्या खोलीतला आईचा: संध्याकाळच्या दोन मराठी मालिका, त्या चुकल्या तर जेवणाचा सूर बदलतो.

एका डीटीएच कंपनीचा एजंट घरी येऊन गेला. बॉक्स, छत्री, फिटिंग सगळं फुकट, फक्त सहा महिन्यांचं पॅक आगाऊ भरा म्हणतो. बॉक्स विकत हवा असेल तर दीड हजार जास्त. बाबांचं म्हणणं वेगळंच आहे. त्यांना डीडी फ्री डिशचं सामान बर्डीच्या बाजारातून आणून स्वतः लावायचं आहे. "एकदा पैसे टाकले की वस्तू आपली. दर महिन्याला कोणाचे हात कशाला ओले करायचे?"

बाबा ७१ वर्षांचे आहेत. मी होळीला ११ ते १६ मार्च घरी असेन, तेव्हाच काय ते उरकायचं आहे. काय करू?

बेसा_रोड
२४ फेब्रुवारी, रात्री ११:०५

काऊन एवढा विचार करून राहिला भाऊ? काकांचं बरोबर आहे. फ्री डिश घ्या. दीड-दोन हजारात छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा), बॉक्स, वायर सगळं येते. मी स्वतः लावली, एक इतवार गेला. रिचार्ज नाही, एजंट नाही, "आपका पैक समाप्त हो गया है" नाही.

मंजिरी
२५ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

बेसा_रोड, त्यांच्या आईच्या मालिकांचं काय? झी मराठी, स्टार प्रवाह ही पैशाची चॅनेलं आहेत, फ्री डिशवर नसतात. घरातला अर्धा प्रश्न तिथेच आहे आणि तुम्ही तो वाचलाच नाहीत.

भाड्याच्या बॉक्सबद्दल माझा अनुभव लिहिते. आम्ही नागपूरहून वर्ध्याला बदली झाल्यावर एका कंपनीचं कनेक्शन बंद केलं. बॉक्स परत न्यायला माणूस आला अडीच महिन्यांनी. तोवर फोनवर फोन. आला तेव्हा म्हणाला, मूळ ॲडाप्टर कुठे आहे? तो जळला होता, मी बाजारातून दुसरा आणला होता. त्याचे पैसे अनामतीतून कापले. छत्री मात्र तशीच गच्चीवर सोडून गेला, म्हणे ती काढायचं काम आमच्याकडे नाही. म्हणजे ३०० रुपयांच्या ॲडाप्टरवर त्यांची मालकी जागी होती आणि छत्रीवरची झोपली होती.

पुण्यातला_नागपूरकर
२५ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

छत्रीवरून आठवलं. आमच्याही गच्चीवर एक जुनी आहे. २०१४ ला बंद केलेल्या कनेक्शनची, कोणी न्यायला आलंच नाही. आई तिच्यावर कुरडया वाळत घालते. ती वापरता येईल का? आणि ती नक्की कोणाची?

तर्रीवाला
२५ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

कुरडया ज्याच्या, छत्री त्याची.

गच्चीकर
२५ फेब्रुवारी, दुपारी १:५०

मी इतवारीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवत होतो, आता मुलगा मोबाइल विकतो. १९८७ पासून अँटेना लावतोय, म्हणजे सेमिनरी हिल्सच्या टॉवरकडे तोंड करून ॲल्युमिनियमच्या काड्या फिरवायच्या काळापासून. तेव्हा जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

आधी मालकीचं. खाजगी डीटीएचचा बॉक्स दीड हजार देऊन "विकत" घेतला तरी त्यातलं कुलूप कंपनीचंच असतं. चॅनेल कूटबद्ध होऊन येतात, उघडायची किल्ली कार्डात किंवा बॉक्सच्या चिपमध्ये, आणि ती कंपनी चालू-बंद करते. रिचार्ज संपला की तुमचा मालकीचा डबा दाराला टेकू द्यायच्या लायकीचा. दुसऱ्या कंपनीकडे जायचं म्हटलं तरी चालत नाही. कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीला चालावा अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, एप्रिल २०२० मध्ये केली होती. तुमच्या घरात तसा बॉक्स आला का? माझ्याही नाही. म्हणून खाजगी कंपनीचा बॉक्स विकत घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. तिथे भाड्याचाच घ्यावा, बिघडला तर त्यांनी बदलावा. फक्त पावतीवर "विक्री" लिहिलंय, "भाडे" लिहिलंय की नुसतं "ॲक्टिव्हेशन", ते वाचून घ्या. "फुकट" हा शब्द पावतीवर कधीच नसतो. तो एजंटच्या तोंडात असतो.

फ्री डिशचं उलट. ते कनेक्शनच नाही. डिसेंबर २००४ ला डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालं, प्रसार भारतीचं, महिन्याची वर्गणी नाही. कोणी तुम्हाला ओळखत नाही, तुमचा नंबर नाही, घरी येऊन दुरुस्त करणारा कोणी नाही. तिथे वस्तू खरोखर तुमची आणि बिघाडही तुमचा.

जुनी छत्री: कागदोपत्री कंपनीची असू शकते, पण दहा वर्षांत कोणी फिरकलं नाही म्हणजे आता ती कुरडयांची, हे तर्रीवाल्यांचं म्हणणं व्यवहारात बरोबर आहे. साठ सेंटिमीटरची असेल आणि पत्रा कुठे चेपलेला नसेल तर चालेल. वरचा गंज चालतो, आकार बिघडलेला चालत नाही. दोन दोऱ्या काठापासून काठापर्यंत अधिकच्या चिन्हासारख्या ताणून बांधा. मध्ये एकमेकींना हलक्या टेकल्या तर छत्री सरळ आहे, एकीने दुसरीला दाबलं किंवा मध्ये फट राहिली तर मुरगळली आहे. एलएनबी मात्र नवा घ्या, युनिव्हर्सल, ज्यावर ९७५० आणि १०६०० असे आकडे लिहिलेले असतात. जुन्या कंपनीचा त्याच जातीचा असेलच असं नाही.

बेसा_रोड
२५ फेब्रुवारी, दुपारी २:१०

गच्चीकर काका, दोरीची ट्रिक मले माहीत नव्हती. माझी नक्कीच मुरगळलेली निघते.

मिहान_शिफ्ट
२६ फेब्रुवारी, रात्री १:३०

एक शंका. एवढं सगळं कशाला? गल्लीत फायबर आलंय ना? टीव्हीला स्ट्रीमिंगची काडी लावा, ॲप टाका, आईच्या मालिका हव्या त्या वेळी. छत्री वगैरे मागच्या शतकातल्या गोष्टी.

मंजिरी
२६ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

"हव्या त्या वेळी" नको असतात हो. सातची मालिका सातला हवी असते, कारण साडेसातला बहिणीचा फोन येतो त्यावर बोलायला. माझ्या सासूबाईंना काडीच्या रिमोटवरची बटणं पाहूनच घाम फुटतो. एक आकडा दाबला की एक चॅनेल, एवढंच त्यांना पाहिजे.

पुण्यातला_नागपूरकर
२६ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

मिहान_शिफ्ट, तो प्रयोग दिवाळीत झाला. आईने तीन दिवस वापरलं, चौथ्या दिवशी काडी काढून फ्रिजवर ठेवली.

गच्चीकर काका, खूप आभार. मग प्रश्न पैशाचा. एजंटचं पॅक ३०० च्या आसपास, म्हणजे वर्षाचे ३६००. दोन टीव्हींना दुप्पट होणार का? आणि बाबांचं क्रिकेट फ्री डिशवर दिसेल का? बाबांनी मला ठणकावून सांगितलं की दिसतं. मला खात्री नाही.

खटपट्या
२६ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

क्रिकेटचं मी सांगतो. २००७ चा कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खाजगी चॅनेलने प्रसार भारतीला द्यायचं. म्हणून भारताचे वनडे आणि टी-ट्वेंटी डीडी स्पोर्ट्सवर येतात. गंमत अशी की ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ही फुकट मिळालेली मॅच फक्त दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवायची, केबल आणि खाजगी डीटीएचवर नाही. म्हणजे नागपूरच्या जामठा स्टेडियमवर मॅच असली तर फ्री डिशवाला काका डीडी स्पोर्ट्सवर बघणार, आणि महिन्याला पैसे भरणाऱ्याला पैशाचं चॅनेल घ्यावं लागणार. बाबा बरोबर आहेत. आयपीएलची मात्र अशी हमी नाही.

दुसरं, पैसे. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धत आली तेव्हा नुसत्या जोडणीचे १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, चॅनेलचे वेगळे. २०२० च्या दुरुस्तीत दुसऱ्या टीव्हीला या जोडणी शुल्काच्या ४० टक्क्यांवर घेऊ नये असं आलं. जुलै २०२४ ला ट्रायने शुल्काची वरची मर्यादाच काढून टाकली, ज्याने त्याने आपलं ठरवावं. तेव्हा एजंटला विचारा, दुसऱ्या टीव्हीचे किती आणि कशाकशाचे? तोंडी नको, मेसेजवर घ्या.

फ्री डिशवर किती आणि कोणती चॅनेल दिसतील याचीही कायमची खात्री नसते बरं का. जागांचा लिलाव होतो. मार्च २०१९ ला मोठ्या समूहांनी आपली फुकट मनोरंजनाची चॅनेल काढून घेतली, २०२० त परत आणली, एप्रिल २०२२ ला पुन्हा उचलली. माझ्या मावशीने त्या एप्रिलमध्ये मला फोन करून शिव्या घातल्या, जशी काही चॅनेल मीच पळवली. सह्याद्री मात्र आपल्या जागी.

बेसा_रोड
२६ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

म्हणजे सोपं आहे न भाऊ. काकांसाठी फ्री डिश विकत, काकूंसाठी कंपनीची भाड्याची. एका घरात दोन छत्र्या. कोणाची वाईट कोणाची चांगली, घरातच समजून जाईल.

पुण्यातला_नागपूरकर
२६ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

हे खरं तर डोक्यात आलं नव्हतं. आईच्या खोलीला एकच टीव्हीचं पॅक, दुसऱ्या टीव्हीचा प्रश्नच मिटला. बाबांना विचारतो. दोन छत्र्या गच्चीवर म्हणजे त्यांना लहानशी इस्रोच मिळेल.

आता तांत्रिक. छत्री स्वतः लावायची तर दिशा कशी शोधायची? आग्नेयेला शेजारच्यांचं कडुनिंबाचं मोठं झाड आहे, ते आडवं येईल का?

खटपट्या
२६ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

माझ्या चुका आधी वाचा, मग पुढे जा.

एक, मी होकायंत्र पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडजवळ धरून दिशा घेतली. छत्री चक्क हिंगण्याकडे तोंड करून बसली होती, म्हणजे पश्चिमेला. मोबाइलमधलं होकायंत्रही लोखंडाजवळ तसंच वेडं होतं. दहा-बारा फूट लांब उभं राहून दिशा घ्या, मग समोरच्या एखाद्या खांबाची खूण धरा.

दोन, बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ ऐंशी-नव्वद दाखवत होती म्हणून मी दोन तास खूश होतो. ती पट्टी जवळजवळ एवढंच सांगते की वायर जोडलेली आहे. बघायची ती क्वालिटी. शून्यावरून एकदम उडी मारते ती, हळूहळू चढत नाही. म्हणून छत्री केसभर हलवायची आणि तीन-चार सेकंद थांबायचं. सरसर फिरवली की उपग्रह येऊन जातो आणि पत्ता लागत नाही.

तीन, बॉक्स चालू ठेवून वायरचं टोक कापत होतो. आतली तार बाहेरच्या जाळीला टेकली, बॉक्समधून एलएनबीला जाणारी वीज शॉर्ट झाली. बॉक्स वाचला, पण सगळ्यांचा वाचेल असं नाही. आधी प्लग काढा.

गच्चीकर
२६ फेब्रुवारी, रात्री ८:४०

खटपट्यांनी चुका कबूल केल्या हे चांगलं. आमच्या धंद्यात लोक छत्री वाऱ्याने फिरली म्हणून सांगतात.

आता आकडे. फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. नागपूर ७९ अंशांवर, म्हणजे उपग्रह आपल्या बराच पूर्वेला सरकलेला. इथून त्याची दिशा उत्तरेपासून मोजली तर १४४ ते १४५ अंश, म्हणजे आग्नेयेला पण थोडं दक्षिणेकडे झुकलेलं. उंची ६० अंश. आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यात फरक जवळजवळ नाही, तेव्हा आकडा तसाच वापरा.

६० अंश म्हणजे खूप वर. पण छत्री तेवढी आकाशाकडे वळलेली दिसणार नाही. आपल्या या छत्र्या ऑफसेट असतात, एलएनबी खालच्या बाजूला असतो, त्यामुळे वीस-पंचवीस अंशांची सूट मिळते आणि छत्री दिसायला बरीच उभी वाटते. नवा माणूस इथेच फसतो, तोंड वर करत जातो. मागच्या पट्टीवर अंश कोरलेले असतात, ते पाहून ६० वर बोल्ट अर्धवट आवळा, मग डावी-उजवी शोधा. आणि पाइप ओळंब्यात उभा पाहिजे. पाइप तिरका तर पट्टीवरचे आकडे खोटे.

एलएनबी सरळ बसवू नका. व्हिडिओ बघून लोक थोडासाच तिरपा करतात. नागपूरला या उपग्रहासाठी हिशोबाने तो तीस-तेहतीस अंश फिरतो. क्वालिटी सापडली की एलएनबी त्याच्या कड्यात हळूहळू दोन्हीकडे फिरवून पाहा, जिथे आकडा सर्वांत जास्त तिथे आवळा. ही दहा-पंधरा टक्के वाढ पावसाळ्यात कामी येते. कंपनीची घाईतली माणसं बहुतेकदा हीच सोडून जातात.

कडुनिंबाचं सांगतो. तुमचा मुहूर्त चांगला आहे. वर्षात दोनदा सूर्य या उपग्रहाच्या बरोब्बर मागून जातो, विषुवदिनाच्या थोडं आधी मार्चमध्ये आणि थोडं नंतर ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तेव्हा काही मिनिटं चित्र फाटतं आणि लोक बॉक्सला थपडा मारतात. नागपुरात या उपग्रहासाठी ते ११-१२ मार्चला, सकाळी सव्वाअकराच्या आसपास. तुम्ही ११ ला पोहोचताय. १२ ला सव्वाअकराला गच्चीवर जा. जिथे ऊन पडलंय तिथून उपग्रह दिसतो. जिथे कडुनिंबाची सावली आहे तिथून दिसत नाही. खडूने सावलीची कड आखून घ्या, तिच्यापासून दोन-तीन फूट सोडून छत्री रोवा, झाड वाढणार आहे. यंत्र नको, ॲप नको. सूर्याकडे मात्र बघू नका, जमिनीकडे बघा.

मंजिरी
२६ फेब्रुवारी, रात्री ९:०५

हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. मी शाळेत भूगोल शिकवते. विषुवदिन इतकी वर्षं फळ्यावर काढला, तो छत्री लावायला उपयोगी पडेल असं कधी वाटलं नाही.

मिहान_शिफ्ट
२७ फेब्रुवारी, रात्री १२:५०

मागच्या शतकाबद्दलचं वाक्य मागे घेतो.

बेसा_रोड
२७ फेब्रुवारी, सकाळी ८:००

गच्चीवर दोन गोष्टी विसरू नका. एक वांदर. आमच्याकडे एक हुप्प्या छत्रीच्या दांड्यावर बसून पेरू खात होता, एलएनबी जमिनीकडे पाहून राहिला होता. दोन, संक्रांतीचा मांजा. वायर हवेत लोंबती ठेवली तर नायलॉन मांजा तिले कापूनच टाकते. भिंतीला चिकटवून क्लिपा मारा.

खटपट्या
२७ फेब्रुवारी, सकाळी ८:२५

आणि वायर आरजी-६ च घ्या, मध्ये जोड नको. जोडावर चिकटपट्टी लावली तरी आपल्या मे महिन्यात तिचा गोंद वितळतो आणि जूनमध्ये पाणी आत. एलएनबीजवळ वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही.

पुढेमागे हॉलमधून आणखी एका टीव्हीला फ्री डिश द्यायची असेल तर दोन तोंडांचा एलएनबी घ्या आणि दोन वायरी ओढा. बाजारात पन्नास रुपयांचा स्प्लिटर देतात, त्याच्या नादी लागू नका. बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट देऊन एलएनबीला सांगतो कोणती बाजू हवी, उभ्या लहरींची की आडव्या. दोन बॉक्स एकाच वायरीवर भांडले की एकाच्या टीव्हीवर काळोख.

पुण्यातला_नागपूरकर
१३ मार्च, दुपारी ४:३०

झालं. लिहायला उशीर झाला कारण हात सोलले आहेत.

बाबा दोन छत्र्यांना लगेच तयार झाले, आई एका अटीवर: कुरडयांसाठी दुसरी जागा करून द्यायची. ११ ला संध्याकाळी मी आणि बाबा बर्डीवर मोदी नंबर तीनच्या गल्लीत गेलो. बॉक्स, एलएनबी, पंचवीस मीटर वायर, कनेक्टर, क्लिपा. जुनी छत्री असल्यामुळे सगळं मिळून दीड हजाराच्या आत. दोरीची परीक्षा छत्रीने दिली, पास.

काल सव्वाअकराला गच्चीवर गेलो. बाबा सकाळी दहापासूनच खडू घेऊन बसले होते. कडुनिंबाची सावली आम्हाला वाटलं होतं तिथे नव्हतीच, उंची ६० अंश म्हणजे काय ते तेव्हा कळलं. झाड पूर्ण खाली राहिलं. उलट आमच्याच जिन्यावरच्या खोलीची सावली हव्या त्या कोपऱ्यात पडत होती. ती चूक मी हमखास केली असती.

मग पाइप, ओळंबा, बोल्ट. बाबा खाली टीव्हीसमोर, मी वर, मध्ये फोन. पाऊण तास "शून्य", "शून्य", "शून्य", मग बाबा एकदम गप्प. मला वाटलं फोन कटला. ते म्हणाले, "बासष्ट आहे. हात लावू नको." एलएनबी फिरवायला त्यांनी मला दहा मिनिटं दिलं नाही. शेवटी फिरवला, अठ्ठ्याहत्तर आले.

कंपनीचा माणूस आज सकाळी आला. वीस मिनिटांत छत्री कठड्याला ठोकली, आईच्या खोलीत चित्र. बाबा पूर्ण वेळ त्याच्या शेजारी वही घेऊन उभे होते. पावतीवर "भाडे" लिहून घेतलं.

गच्चीकर
१३ मार्च, रात्री ९:००

अठ्ठ्याहत्तर उत्तम. कठड्याला म्हणजे विटांच्या पडदीला की स्लॅबला? फोटो टाका.

पुण्यातला_नागपूरकर
१३ मार्च, रात्री ९:४०

विटांच्या पडदीला. चार इंची.

गच्चीकर
१३ मार्च, रात्री ९:४५

मग एप्रिल-मेच्या वादळाची वाट बघा.

मानेवाड्याचे_बाबा
१६ मार्च, सकाळी ६:१०

नमस्कार. या धाग्यात ज्यांचा "७१ वर्षांचे बाबा" असा उल्लेख आला ते मीच. मुलाने जाताना खातं उघडून दिलं. सगळा धागा वाचला. आपण सर्वांनी अनोळखी माणसासाठी वेळ दिला, आभारी आहे. इतवारीचे गच्चीकर यांना विशेष नमस्कार. आपलं दुकान बहुधा मी पाहिलेलं आहे, १९९२ ला आमचा पोर्टेबल टीव्ही तिथल्याच एका दुकानात दुरुस्त झाला होता.

एक दुरुस्ती. क्वालिटी बासष्ट नव्हती, एकसष्ट होती. वहीत नोंद आहे.

मानेवाड्याचे_बाबा
२९ मे, सकाळी ७:३०

धागा वर काढतो आहे, कारण अनुभव उपयोगी पडेल.

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला आणि तीन दिवसांपूर्वी रात्री वादळ झालं. वीज चार तास नव्हती. सकाळी आमची फ्री डिश जशीच्या तशी, क्वालिटी शहात्तर. कंपनीची छत्री मात्र पडदीतून एका बोल्टसह सैल होऊन वळली. सौ. च्या खोलीत निळा पडदा.

कंपनीला फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला. माणूस अठ्ठेचाळीस तासांत येईल म्हणाले. दुसऱ्या दिवशी मेसेज आला की तक्रार निवारण झाली आहे. कोणी आलं नव्हतं. पुन्हा फोन, पुन्हा क्रमांक. आज तिसरा दिवस.

प्रश्न असा आहे. छत्री भाड्याची, म्हणजे त्यांची. तिला आपण हात लावला तर नियमात बसतं का?

मंजिरी
२९ मे, सकाळी ७:५०

काका, ॲडाप्टरवरून माझे पैसे कापणारे लोक ते. हात लावण्याआधी फोटो काढून ठेवा.

बेसा_रोड
२९ मे, सकाळी ८:१०

काका, त्यांची छत्री तुमच्या कठड्यावर आहे. कठडा तर तुमचाच आहे न?

गच्चीकर
२९ मे, सकाळी ९:२०

भाडं आपण बॉक्सचं देत नाही हो, जिना चढून वर जाणाऱ्या माणसाचं देतो. तो येत नसेल तर काय उरलं? तरी ऐका. छत्रीची नवी जागा करायला, ड्रिल मारायला लावू नका, ते त्यांच्याकडूनच फुकट करून घ्या आणि पडदीऐवजी स्लॅबवर घ्या म्हणून अडून बसा. तोवर नुसती फिरवून पूर्वीच्या जागी आणायला हरकत नाही. वहीत त्यांच्या छत्रीचे अंश लिहिले होते ना? उन्हाच्या आधी करा, पत्र्याला हात लागणार नाही दहानंतर. आणि एकटे जाऊ नका.

मानेवाड्याचे_बाबा
३० मे, सकाळी ६:४५

वहीत अंश होतेच. शिवाय तो माणूस गेल्यावर मी पाइपवर आणि क्लॅम्पवर ऑइल पेंटने एकच आडवी रेघ मारून ठेवली होती. दोन रेघा जुळवल्या, बोल्ट आवळला. सौ. ची मालिका काल सातला सुरू झाली. तीन भाग बुडाले त्याची कथा बहिणीने फोनवर सांगितली, पाऊण तास.

खाली चार विटा आणि तारेचा ताण देऊन ठेवला आहे. कंपनीचा माणूस आला की स्लॅबवर घ्यायला सांगणार.

पुण्यातला_नागपूरकर
३० मे, सकाळी ९:०५

बाबा, तुम्ही मे महिन्यात गच्चीवर चढून पडदीपाशी वाकलात? मला फोन का नाही केला?

मानेवाड्याचे_बाबा
३० मे, सकाळी ९:३०

जिन्याने गेलो, शेजारचा मुलगा बरोबर होता, संध्याकाळी साडेपाच वाजता. फोन केला असता तर तू पुण्याहून काय केलं असतंस?

तेरा नंबरचा पाना लागतो. तुझ्या खोलीतल्या खोक्यात सापडला. आता तो माझ्याकडेच राहील.